क्रँक पुली घरी बदलायची तर: जोर हबवर, कड्यावर नाही

गाडीतला एसी वगैरे फिरवणारा बेल्ट नवा टाकला, तो ताणून धरणारा टेन्शनर बदलला, तरी सकाळी गाडी चालू करताना चिरका आवाज येतोच. एसी लावला की आवाज वाढतो. काही दिवसांनी बेल्टची एक कड दोऱ्यासारखी सुटायला लागते. अशा वेळी बहुतेक जण तिसरा बेल्ट आणतात. खरा दोष मात्र अनेकदा खाली क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकावर बसलेल्या पुलीत असतो. तिला कंपनीच्या कागदपत्रांत हार्मोनिक बॅलन्सर किंवा डँपर म्हणतात, गॅरेजमध्ये क्रँक पुली किंवा रबर पुली.

ती दिसायला एकसंध असली तरी तिचे तीन भाग असतात. मधला हब क्रँकवर घट्ट बसतो. बाहेरचं जड लोखंडी कडं बेल्ट फिरवतं. या दोघांना धरून ठेवणारा रबराचा पातळ थर मध्ये असतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेरे) फिरतं तेव्हा क्रँकला सेकंदाला १०० वेळा धक्का बसतो. प्रत्येक धक्क्याला क्रँक किंचित पिळला जातो आणि परत उलगडतो. बाहेरचं कडं स्वतःच्या वजनामुळे थोडं मागे रेंगाळतं, मधलं रबर ताणलं जातं आणि पिळाची ती ताकद उष्णता होऊन रबरातच विरते. रबर निकामी झालं की तो पिळ थेट क्रँक, टायमिंग चेन (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारी साखळी) आणि बेल्टवर जातो.

पुढचं सगळं काम या रबराभोवती फिरतं. पुली काढताना, धरताना, बसवताना जोर लावायचा तो हबवर. कड्यावर लावलेला प्रत्येक जोर रबरातून जातो आणि नवी पुली गाडीत बसायच्या आधीच खराब होते.

दोष पुलीचाच आहे का, हे आधी ठरवा

गाडी चालू, बॉनेट उघडं, एसी बंद. बाजूने पुलीच्या कडेकडे पाहा. कडं आत-बाहेर डुगडुगताना दिसलं तर फारसा संशय उरत नाही. मग इंजिन बंद करून टॉर्चने रबर पाहा. ते बाहेर फुगून आलं आहे का, बारीक चिरा आहेत का, खाली रबराची काळी भुकटी साचली आहे का? पुलीतून टक-टक आवाज येत असेल तर कडं हबवर मोकळं झालेलं असू शकतं.

शंका उरलीच तर पांढऱ्या रंगाने किंवा टायर मार्करने हब, रबर आणि कडं यांच्यावरून एक सरळ रेघ ओढा. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. रेघ तुटलेली, म्हणजे कड्यावरचा तुकडा पुढे-मागे सरकलेला दिसला, तर रबर सुटलं आहे. ही तपासणी फुकटात होते आणि डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी खात्रीची आहे. कडं सरकलं असेल तर त्यावरच्या टायमिंगच्या खुणेवरही विश्वास ठेवू नका, कारण ती खूण कड्याबरोबर सरकलेली असते.

दोन गोष्टी मात्र गोंधळात टाकतात. अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) एकाच दिशेने ओढणारी वन-वे पुली बिघडली किंवा टेन्शनर खराब झाला, तर दोन्ही असाच आवाज करतात. बेल्ट काढून त्या हाताने फिरवून पाहिल्याशिवाय क्रँक पुली विकत आणू नका. शिवाय लहान पेट्रोल इंजिनांपैकी अनेकांत रबर नसलेली साधी भरीव पुली असते. तिथे हा प्रश्नच येत नाही.

रबर का गेलं हेही शोधा, नाहीतर नवी पुलीही तशीच जाईल. पुढच्या ऑइल सीलमधून किंवा वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून झिरपणारं इंजिन ऑइल रबर मऊ करून फुगवतं. अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जड फिरत असेल, बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणलेला असेल, तर रबरावर सतत जादा ओढ राहते. यात आमच्या सोलापूरच्या उन्हाची भर पडते. मे महिन्यात बाहेर चाळिशीच्या वर तापमान असताना बॉनेटखालचं रबर दिवसभर शिजत असतं. जुनं रबर कडक होऊन चिरतं ते यामुळेच.

काम हातात घेण्याआधी बोल्टची तऱ्हा ओळखा

पुली बसवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. हे न पाहता पाना लावला तर साधं काम महागात पडतं.

बऱ्याच गाड्यांत मध्ये एक मोठा बोल्ट आणि हबमध्ये एक चावी, म्हणजे धातूची लहान पट्टी, असते. पुली उलटीसुलटी बसू नये म्हणून ही चावी क्रँकच्या खाचेत अडकते. घरी करायला ही तऱ्हा सोयीची.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टायमिंग बेल्टच्या अनेक डिझेल इंजिनांत पुली ४ किंवा ६ लहान बोल्टांनी आतल्या गिअरवर बसते. तिथे मधल्या मोठ्या बोल्टला हात लावायचा नाही, लहान बोल्ट काढले की पुली हातात येते.

तिसरी तऱ्हा धोक्याची. फोर्डच्या काही पेट्रोल इंजिनांत, आणि इतरही काही इंजिनांत, चावीच नसते. पुली आणि टायमिंगचा गिअर केवळ मधल्या बोल्टच्या दाबाने जागेवर राहतात. बोल्ट सैल झाला की टायमिंग हललं, आणि पिस्टन व्हॉल्व्हला लागण्याची वेळ येते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक लॉक करायच्या खास पिना नसतील तर हे काम घरी करू नका. हा सल्ला घाबरवण्यासाठी नाही, अशा चुकीचा खर्च इंजिन उघडण्यापर्यंत जातो म्हणून आहे.

काही इंजिनांत बोल्टला डावा आटा असतो, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आट्याची दिशा, टॉर्क (बोल्ट किती जोराने कसायचा तो आकडा) आणि बोल्ट पुन्हा वापरायचा की नाही, या तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. त्या कागदावर उतरवून मगच गाडीखाली जा.

सामान

पुली चॅसिस नंबर सांगून मागवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. नवी आणि जुनी शेजारी ठेवून बाहेरचा व्यास, बेल्टच्या खाचांची संख्या, हबची खोली, मधलं छिद्र, चावीची खाच आणि टायमिंगची खूण जुळवा. काही इंजिनांत क्रँक सेन्सरसाठीचे दात पुलीवरच असतात, ते मोजा. नकली पुली अनेकदा वजनाला हलकी लागते, आणि तिचं मुख्य काम कड्याच्या वजनावरच चालतं.

पुलीसोबत नवा मधला बोल्ट, पुढचं क्रँक ऑइल सील आणि बेल्ट घ्या. ताणून बसवायचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा तेवढा दाब देत नाहीत. सीलपर्यंत पोहोचायला पुली काढावीच लागते, म्हणून सील आत्ताच बदलणं शहाणपणाचं.

हत्यारांत अर्धा इंची ड्राइव्हची सहा कोनी जाड गोटी (सॉकेट), किमान ६०० मिलिमीटरचा टी-दांडा, त्यावर चढेल असा १ मीटरचा पाइप, टॉर्क पाना, पुली ओढून काढायचा बोल्टवाला पुलर, जॅक आणि दोन पक्के स्टँड. बारा कोनी गोटी बोल्टचे कोपरे खाते, ती बाजूला ठेवा.

तीन नख्यांचा पुलर आणू नका. त्याच्या नख्या कड्याला धरतात आणि कडं रबरासकट हबवरून उपटून येतं. बोल्टवाल्या पुलरचे बोल्ट हबमधल्या आट्यांत बसतात, साधारण ८ मिलिमीटरचे.

पुली धरायची पट्टी मात्र एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येते. ८ मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर रुंद आणि ६०० ते ७०० मिलिमीटर लांब लोखंडी पट्टी घ्या. एका टोकाला गोटी आरपार जाईल असं ४० मिलिमीटरचं छिद्र आणि त्याच्या दोन बाजूंना हबच्या आट्यांशी जुळणारी दोन छिद्रं पाडून घ्या. जुनी पुली मोजून अंतर द्या. एरवी घाम काढणारा बोल्ट या पट्टीमुळे शांतपणे सुटतो.

गाडी उभी करणं

डांबरावर हे काम दुपारी करू नका. तापलेलं डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय त्यात रुततात. अंगणात काळी माती असेल तर ती वरून टणक दिसली तरी भाराखाली दबते, पावसानंतर तर हमखास. सिमेंटचा कोबा किंवा फरशी सर्वांत चांगली. तशी जागा नसेल तर स्टँडखाली जाड लाकडी फळी घाला. सकाळी लवकर सुरू करा. इंजिन रात्रभर थंड झालेलं असतं आणि उन्हाआधी अवघड भाग उरकतो.

हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना गुटके लावा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना स्टँड द्या. गाडीखाली हात घालण्याआधी ती जोराने हलवून बघा. एकट्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत पुली ड्रायव्हरच्या बाजूला असते. चाक आणि चाकामागचं प्लास्टिक काढलं की समोर दिसते. बोलेरोसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत ती रेडिएटरकडे असते, तिथे पंखा आणि त्याचं कव्हर आधी काढावं लागतं. मडगार्डवर जुनी सोलापुरी चादर टाका, ओरखडे वाचतात.

बेल्ट आणि बोल्ट

बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो घ्या. बेल्टची खाचांची बाजू कुठे आणि सपाट बाजू कुठे हे नंतर आठवत नाही. आपोआप ताणणारा टेन्शनर असेल तर तो पान्याने फिरवून बेल्ट उतरवा. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरचा सरकता बोल्ट सैल करावा लागतो. काही इंजिनांवरचे टेन्शनर नसलेले ताणदार बेल्ट कापूनच काढायचे असतात, म्हणून नवा हाताशी हवा.

आता मधला बोल्ट. सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं.

शक्य तिथे हबची पट्टी लावा. पट्टीला हबच्या आट्यांत बोल्ट घालायची सोय नसेल आणि गाडी मॅन्युअल गिअरची असेल, तर पाचवा गिअर टाकून एका माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. चाक काढलेल्या बाजूच्या डिस्कवर दोन नट उलटे घट्ट करा, नाहीतर डिस्क तिरकी होऊन ब्रेक नीट धरत नाही. इंजिन बंद असल्याने दोन-तीनदा दाबल्यावर पेडल कडक होतं, ते पूर्ण ताकदीने दाबून ठेवावं लागतं. सुरुवातीला क्रँक थोडा फिरेल, तो गिअरमधला ढिलेपणा आहे. ऑटोमॅटिक गाडीत ही युक्ती चालत नाही. फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या दुसऱ्या टोकावरच्या जड चाकाच्या) दातांत पेचकस अडकवू नका, दात तुटतो किंवा त्याच्या बाहेरच्या कवचालाच तडा जातो.

जुनी पुली टाकायचीच आहे, म्हणून तिच्या कड्याला चेन पाना लावला तर चालेल का? काढताना चालतं. पण रबर आधीच सुटलं असेल तर कडं नुसतं फिरेल आणि बोल्ट तिथेच राहील.

दांडा गोटीत सरळ बसवा आणि एकदम हिसका न देता सलग जोर वाढवत जा. ६० किलो भार १ मीटरच्या पाइपच्या टोकाला टाकला तर जवळपास ५९० न्यूटन-मीटर होतात. बहुतेक बोल्ट त्याआधीच सुटतात. न सुटल्यास गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. गॅसची ज्योत लावू नका, मागचं सील आणि पुलीचं रबर दोन्ही जळतात. बॅटरीची तार जोडून, दांडा चेसिसला टेकवून सेल्फ मारायची पद्धत काही जण सांगतात. दांडा निसटला तर हात किंवा जबडा मोडतो, ती वापरू नका. इम्पॅक्ट गन सोडवायला चांगली आहे, घट्ट करायला नाही.

पुली ओढताना

बोल्ट काढला की पुलरचा मधला दांडा थेट क्रँकच्या आट्यांवर टेकवू नका. आटे चिरडले गेले तर नवा बोल्ट बसत नाही. क्रँकच्या भोकात सैल बसणारा लहान बोल्ट किंवा पुलरसोबतची टोपी घाला आणि तिच्यावर टेका. पुलरचे दोन्ही बोल्ट हबमध्ये सारखे खोल, किमान त्यांच्या जाडीइतके गेले पाहिजेत. मग हळूहळू कसत जा.

पेचकस किंवा टॉमी घालून टायमिंग कव्हरवरून उचकटू नका. ॲल्युमिनियमचं कव्हर फुटतं, आणि पुलीसाठी आलेला माणूस कव्हर शोधत फिरतो. पुली सुटत आली की चावी खाली पडते का बघा.

पुली निघाल्यावर चार गोष्टी तपासा. क्रँकच्या टोकावर खरचटलेलं आहे का? खाच रुंद झाली आहे का? चावी कडेने चेपली आहे का? आणि जुन्या हबवर जिथे सील घासतं तिथे नखाला लागेल असा चर पडला आहे का? असा चर असेल तर सीलमधून तेल त्यामुळेच झिरपत होतं. खाच रुंद झाली असेल तर बोल्ट पूर्वी सैल राहिला होता. नवी पुली तिथे काही महिन्यांत डुगडुगेल, त्यामुळे तो क्रँक आधी चांगल्या मशीनवाल्याला दाखवा.

सील काढताना क्रँकच्या गुळगुळीत भागावर पेचकसाचा ओरखडा उमटू देऊ नका. जुनं सील किती आत होतं ते मोजून नवं तेवढंच आत बसवा, सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या पाइपच्या तुकड्याने, सगळीकडून सारखं ठोकत. रबरी ओठाच्या सीलला इंजिन ऑइलचा हात लावा. पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) ओठाचं सील मात्र कोरडंच बसवतात. पुसायला सोलापुरात टर्किश टॉवेलच्या चिंध्या हव्या तेवढ्या मिळतात, पण सीलच्या जागी त्या वापरू नका, त्यांचे धागे ओठाखाली अडकतात. तिथे जुनं सुती धोतर बरं.

बसवणं

क्रँकचं टोक आणि हबचं भोक रॉकेलने धुऊन कोरडं करा. हबच्या सील घासणाऱ्या भागावर ऑइलचं बोट फिरवा. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर चावीच्या खाचेत सिलिकॉन सीलंटचा छोटा ठिपका द्या, खाचेतून तेल येणं थांबतं.

चावी आणि खाच समोरासमोर आणून पुली हाताने आत ढकला. घट्ट बसणारी पुली पूर्ण आत जाणार नाही. इथे हातोडा घेऊ नका. फटका कड्यावर बसला तर रबर सुटतं, हबवर बसला तरी क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. मधल्या बोल्टनेही ओढून बसवू नका. सुरुवातीला त्याचे दोन-तीन आटेच धरलेले असतात आणि तेच क्रँकमध्ये सोलून निघतात. त्याच आट्याचा लांब स्टड (डोकं नसलेला बोल्ट), जाड वॉशर, बेअरिंग आणि नट घ्या. स्टड क्रँकमध्ये त्याच्या जाडीच्या दीडपट आत गेला पाहिजे. नट कसला की पुली सरळ आत सरकते. ती टेकली की नट एकदम जड होतो, तिथे थांबा आणि स्टड काढा.

आता नवा बोल्ट. आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे हे मॅन्युअलप्रमाणेच, कारण तेलामुळे त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्क इंजिनानुसार १०० ते २५० न्यूटन-मीटर किंवा त्याहून जास्त असतो. आपल्याकडच्या अनेक पान्यांवर किलो-मीटर असतं. १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. फूट-पौंडाचा आकडा न्यूटन-मीटर समजून कसला तर बोल्ट सैल राहतो, कारण १ फूट-पौंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर.

अनेक ठिकाणी आधी कमी टॉर्क आणि नंतर ९० अंशांसारखा कोन दिलेला असतो. बोल्टच्या षटकोनाच्या एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत ६० अंश होतात, म्हणजे ९० अंश म्हणजे दीड कड. बोल्टवर आणि हबवर रंगाचा ठिपका ठेवून मोजा. कसताना धरायचं पुन्हा हबलाच, नव्या कड्याला चेन पाना कधीही नाही.

जुन्या पुलीचं कडं हबला वेल्डिंग करून किंवा लेथवर भरीव पुली करून देतो असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. आवाज जाईल, बेल्टही चालेल, पण पिळ विरवणारं रबरच नसेल तर क्रँक आणि चेन सगळा मार खातात.

चालू करण्याआधी

बेल्ट फोटोप्रमाणे घाला. प्रत्येक पुलीवर तो नेमक्या खाचांत बसला आहे का, बोटाने चाचपा. एक खाच चुकली तर बेल्ट पहिल्या मिनिटाला कडेने फाटतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक गोटीने इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. कुठे ठाम अडकलं तर जोर न लावता थांबा, टायमिंग तपासा. डिस्कवरचे उलटे नट काढा, चाक लावा, गाडी खाली घेऊन नट मॅन्युअलच्या टॉर्कला कसा. बॅटरी जोडा.

पहिल्यांदा १० सेकंद चालू करून बंद करा. मग पुन्हा चालू करून कड बघा. ती एका रेषेत स्थिर फिरली पाहिजे. एसी, दिवे लावून आवाज ऐका. सगळं ठीक वाटलं की नव्या पुलीवर हब ते कडं अशी रंगाची रेघ ओढा. विजापूर रस्त्याने ५-७ किलोमीटर जाऊन या आणि सीलभोवती ओल आहे का बघा. ५०० किलोमीटरनंतर रेघ सरळ आहे का ते पुन्हा पाहा. त्याच वेळी बोल्ट आणि हबवरचे ठिपकेही जुळतात का बघा. ते सरकले असतील तर बोल्ट नुसता पुन्हा कसू नका. पुली काढून खाच आणि चावी तपासा आणि बोल्ट नवा घाला.